काली टाकलं, आता पुढे काय?

प्रश्न आलाय तो असा. डोंबिवलीचा मुलगा, बीएस्सी आयटीचं दुसरं वर्ष. एथिकल हॅकिंग शिकायचंय. लॅपटॉपवरचं विंडोज उडवून काली लिनक्स टाकलं, मेनूमधली पाच-सहा टूल्स उघडून बघितली, एकाचाही आगापिछा कळला नाही. स्टेशनजवळच्या एका क्लासने सहा महिन्यांचे ८५ हजार सांगितलेत, वर 'शंभर टक्के प्लेसमेंट'. बाबा म्हणतात कर्ज काढू. कोडिंग जेमतेम येतं, इंग्रजी वाचताना दमछाक होते, लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे. 'ताई, क्लास लावू का? नाही लावला तर सुरुवात कुठून करू? आणि रॅम वाढवावी लागेल का?'

सगळ्यांची उत्तरं देते, पण माझ्या क्रमाने. मी गेली पंधरा वर्षं मुंबईत हेच काम करतेय. बँका, ब्रोकर, विमा कंपन्या, पतसंस्था यांची ॲप आणि नेटवर्क त्यांच्याच सांगण्यावरून तपासायची, कुठे भोक आहे ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. धंद्यात याला व्हीएपीटी म्हणतात. सिनेमात दिसतं तसं यात काही नाही. बराचसा वेळ वाचण्यात आणि लिहिण्यात जातो.

क्लासचे पैसे आत्ता भरू नकोस. पुढचे सहा महिने तरी नाहीच. क्लास वाईटच असतात असं नाही, पण तुला अजून काय येत नाही हेच तुला माहीत नाहीये, त्यामुळे समोरचा काय शिकवतोय ते पारखता येणार नाही. तरी जाऊन ये, आणि तीन गोष्टी विचार. शिकवणारा माणूस गेल्या वर्षभरात स्वतः कुठल्या क्लायंटचं टेस्टिंग करून आलाय का? सरावाची लॅब त्यांची स्वतःची आहे की प्रोजेक्टरवर व्हिडिओ दाखवतात? आणि मागच्या बॅचमधल्या दोन मुलांचे नंबर मिळतील का? माझ्याकडे मुलाखतीला आलेल्या एका मुलीची 'प्लेसमेंट' म्हणजे त्याच क्लासमध्ये फोनवर बसून पुढच्या बॅचसाठी मुलं गोळा करणं होतं. नोकरी लागली हे खोटं नव्हतं.

आता काली. काली म्हणजे डेबियनवर बेतलेलं लिनक्स, त्यात आमच्या कामाची शेकडो टूल्स आधीच भरलेली. २०१३ साली आलं, त्याआधी त्याच लोकांचं बॅकट्रॅक होतं. आम्ही ते वापरतो कारण क्लायंटकडे बसून एकेक टूल टाकत बसायला वेळ नसतो. ज्याने लिनक्सच पाहिलेलं नाही त्याने कालीपासून सुरुवात करू नये, असं ते बनवणारेच त्यांच्या माहितीत लिहून ठेवतात. ते पान कोणी वाचत नाही. त्यामुळे तुला काही कळलं नाही यात तुझी चूक नाही. कॉलेजची सबमिशन आहेत, वर्ड-एक्सेल लागणार, तर विंडोज परत टाक, ते लागत नसतील तर साधं उबुंटू टाक. काली नंतर व्हर्च्युअल मशीनमध्ये घे, म्हणजे लॅपटॉपच्या आतच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर.

टूल काय करतं हे कळायचं तर ज्या गोष्टीवर ते चालवायचं ती गोष्ट कशी चालते हे आधी कळलं पाहिजे. सॉफ्टवेअर लिहिताना प्रत्येक जण मनात काहीतरी गृहीत धरतो. 'इथे माणूस फक्त नावच टाकेल.' 'हा नंबर फक्त आमचंच ॲप पाठवेल.' 'या पानावर लॉगिन केल्याशिवाय कोण येणार?' यातलं कुठलं गृहीत कच्चं आहे ते हुडकायचं, एवढाच माझा धंदा. टूल फक्त हात-पाय भराभर हलवतं.

एसक्यूएल इंजेक्शन हा शब्द तू ऐकला असशीलच. एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा. १९९८ सालापासून जाहीरपणे लिहिला-बोलला जातोय आणि अजूनही सापडतो. पुस्तकात अवतरणचिन्हांची नक्षी दाखवतात, ती पाठ करून काही होत नाही. त्यापेक्षा सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आण. सेक्रेटरीने त्याला छापील चिठ्ठ्या दिल्यात: 'आज ______ आले तर आत सोडावे.' मोकळी जागा पाहुण्याने स्वतःच भरायची. एकाने तिथे लिहिलं, 'रमेश किंवा कोणीही'. वॉचमन पूर्ण ओळ वाचतो: 'आज रमेश किंवा कोणीही आले तर आत सोडावे.' गेट सताड उघडं. पाहुण्याने नाव लिहायच्या जागी हुकूमच लिहिला, आणि वॉचमनला दोन्हींत फरक करता आला नाही. लॉगिनच्या चौकटीत 'ऑर एक बरोबर एक' (म्हणजे 'किंवा', आणि पुढे कायम खरीच ठरणारी अट) टाकतात ते हेच. यावरचा उपायही चिठ्ठीवरूनच कळेल. वॉचमनला सांगून ठेवायचं, 'मोकळ्या जागेत जे काही असेल ते नावच समज.' मग तो 'रमेश किंवा कोणीही' अशा नावाचा माणूस शोधत बसेल, त्याला तो सापडणार नाही आणि गेट बंद राहील. प्रोग्रॅमर याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. मुलाखतीत मी एसक्यूएल इंजेक्शन विचारते तेव्हा दहातली आठ मुलं ती नक्षी घडाघडा म्हणून दाखवतात. ती का चालते असं विचारलं की गप्प.

दुसरं उदाहरण पासाचं, लोकलने जाणाऱ्याला लगेच पटेल. सेकंड क्लासचा पास खिशात असताना कोणी फर्स्ट क्लासच्या डब्यात चढला. पास खरा आहे, फोटो त्याचाच आहे, तारीखही गेलेली नाही. तरीही त्या डब्यात बसायचा त्याला हक्क नाही. 'हा माणूस कोण' आणि 'याला इथे परवानगी आहे का' या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, आणि बरीच सॉफ्टवेअर पहिली करून दुसरी विसरतात. ओडब्ल्यूएएसपी या संस्थेच्या वेबमधल्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत २०१७ साली इंजेक्शन पहिल्या नंबरावर होतं. २०२१ च्या यादीत ही दुसरी तपासणी विसरण्याची चूक पहिल्या नंबरावर आली. माझ्या अनुभवाशी ते तंतोतंत जुळतं.

एका पतसंस्थेच्या ॲपवर काम करत होते. बर्प सूट म्हणून एक टूल आहे, ते ब्राउझर किंवा ॲप आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसतं, जाणारी-येणारी प्रत्येक विनंती थांबवून दाखवतं. लॉगिन भक्कम होतं, ओटीपी होता, पाच वेळा चुकलं की खातं लॉक. खूश झाले मी. मग स्टेटमेंटचं बटण दाबलं आणि बर्पमध्ये विनंती अडवली. त्यात शेवटी एक आकडा, माझ्या टेस्ट खात्याचा नंबर. त्यांनी मला दोन टेस्ट खाती दिली होती. मी पहिल्यातून लॉगिन करून आकडा दुसऱ्याचा टाकला आणि विनंती पुढे सोडली. दुसऱ्या खात्याचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये आलं, संस्थेच्या लोगोसकट. बर्पने विनंती थांबवून दाखवली तेवढंच, 'हॅकिंग' म्हणावं असं काही नाही, फक्त एक आकडा बदलला. ज्याने ते लिहिलं त्याने गृहीत धरलं होतं की आकडा ॲपच भरणार, माणूस कशाला हात लावेल? आणि इथे मी थांबले, हे नीट लक्षात घे. खऱ्या सभासदाचा एकही नंबर टाकून पाहिला नाही. दोन टेस्ट खात्यांत सिद्ध झालं, तेवढं पुरे.

तर शिकायचं काय, आणि फुकट कुठे?

पहिले दोन महिने लिनक्सची कमांड लाइन, म्हणजे माउस सोडून हुकूम टाइप करून काम. ओव्हर द वायर या साइटवर बँडिट नावाचा खेळ आहे. त्यांच्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे लांबून कमांड लाइनवरूनच, लॉगिन करायचं, प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड दडवलेला असतो. ४ जीबी रॅमवर चालतो, अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स हे कमांड लाइनचं ॲप टाकलंस तर मोबाइलवरही चालतो. डोंबिवली फास्टमध्ये मात्र नको, तिथे खिशातून मोबाइल काढायला हात सुटा असला तर शपथ. सुरुवातीलाच एका पायरीवर फाइलचं नावच नुसती आडवी रेघ आहे. नेहमीच्या कमांडने वाचायला गेलास की स्क्रीन गप्प होते, काही छापत नाही, एररही देत नाही. मुलांना वाटतं नेट गेलं. खरं तर ती कमांड तुझ्याकडेच बघत बसलेली असते, तू कीबोर्डवरून काही टाइप करशील म्हणून. आडव्या रेघेचा अर्थ तिच्या लेखी वेगळा आहे. उत्तर सांगणार नाही. पण तुला वाटलं ते नाव आणि कमांडला वाटला तो हुकूम, म्हणजे पुन्हा वॉचमनचीच चिठ्ठी. उत्तरं यूट्यूबवर सगळी आहेत. बघशील तर तीन तासांत तीस पायऱ्या चढशील आणि खाली उतरल्यावर काहीही आठवणार नाही.

त्यानंतर नेटवर्क. आयपी पत्ता, पोर्ट, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणं), टीसीपीचा सिन, सिन-ॲक, ॲक हा तीन टप्प्यांचा नमस्कार-चमत्कार. कॉलेजात सात थर पाठ करून घेतात, ते परीक्षेत लिही आणि घरी वायरशार्क टाक, नेटवर्कवरून जाणारं-येणारं सगळं दाखवणारं टूल. स्वतःच्या लॅपटॉपवर, घरच्या वायफायवर, बातम्यांची कुठलीही एक साइट उघड. पान दिसायच्या आधी तुझ्या मशीनने किती नावांची चौकशी केली ते डीएनएस गाळून मोज. एका साइटसाठी तीस-चाळीस नावं सहज निघतात, जाहिराती, मोजणी, कुठकुठले फॉन्ट. ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस चालू असेल तर काहीच दिसणार नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन ते बंद कर, परत बघ, आणि आधी का दिसत नव्हतं याचं उत्तर वहीत लिही. या एका संध्याकाळी जे कळेल ते सात थरांच्या धड्यातून कळत नाही.

मग वेब. पोर्टस्विगर, म्हणजे बर्प बनवणारी कंपनी, त्यांची वेब सिक्युरिटी अकॅडमी पूर्ण फुकट आहे. वाचायला मजकूर, लगेच खाली ब्राउझरमध्येच चालणारी लॅब. माझ्या मते सध्या यापेक्षा चांगलं विकतही मिळत नाही. आयआयटी खरगपूरचा एथिकल हॅकिंगचा कोर्स एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आहे, नेटवर्कचा पाया त्यात बरा होतो. ट्राय हॅक मी ही सरावाची साइट सुरुवातीला हात धरून चालवते, हॅक द बॉक्स ही दुसरी साइट तसं चालवत नाही, तिथे सहा-आठ महिन्यांनी जा. आणि मुंबईत नल नावाच्या कम्युनिटीच्या फुकट मीटिंग होतात, शनिवारी कुणाच्या तरी ऑफिसात. मागच्या खुर्चीवर बसून ऐक, पहिल्या तीन वेळा काही कळणार नाही, जात राहा.

कोडिंग लागतंच. 'कोडिंगशिवाय हॅकिंग' असं कोणी विकत असेल तर तो तुला दुसऱ्याची टूल्स चालवायला शिकवतोय. पण घाबरू नकोस, शंभर ओळींचं पायथन लिहिता आलं की बरंचसं भागतं. आजच एक करून बघ. पायथनमध्ये 'क्षितिज' या शब्दाची लांबी काढ. तुला-मला अक्षरं तीन दिसतात. पायथन ७ सांगेल, कारण क, हलन्ताची खूण, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असं तो मोजतो. आता तोच शब्द यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, बदलून बाइट मोज. २१. देवनागरीची प्रत्येक खूण तिथे तीन बाइट खाते.

ही गंमत म्हणून नाही सांगत. एका ठिकाणी वेबच्या फॉर्मवर 'नाव २० अक्षरांपर्यंत' अशी तपासणी होती आणि मागे जुन्या सिस्टीममध्ये २० बाइटची जागा. 'क्षितिज' फॉर्ममधून आरामात गेलं, मागे जाऊन शेवटच्या 'ज'चा तिसरा बाइट तुटला, आणि अर्धवट अक्षर बघून सिस्टीमने जी एरर फेकली त्यात फाइलचे पत्ते, टेबलांची नावं, डेटाबेसची आवृत्ती सगळं स्क्रीनवर. इंग्रजी नावं टाकून तपासणाऱ्या टेस्टरला ते वर्षानुवर्षं दिसलं नसतं. मराठीत विचार करतोस ही इथे अडचण नाही, उलट तुझ्याकडे एक जादा किल्ली आहे. एप्रिल २०१४ मध्ये जगभर धुमाकूळ घातलेल्या हार्टब्लीड नावाच्या त्रुटीमध्येही घोळ लांबीचाच होता. समोरचा म्हणाला 'माझा शब्द इतका लांब', सर्व्हरने न मोजता विश्वास ठेवला आणि तेवढी मेमरी काढून हातात दिली, एका खेपेला ६४ केबीपर्यंत.

इंग्रजीचंही इथेच बोलून घेते. मी महापालिकेच्या मराठी शाळेतली. टाळता येत नाही, सगळी कागदपत्रं इंग्रजीत आहेत. पण बोलायचं इंग्रजी आणि वाचायचं इंग्रजी वेगळं. रोज एक पान वाच आणि त्याचं टिपण मराठीत काढ. मराठीत मांडता आलं नाही तर समजलेलं नाही, इतका सोपा निकष आहे.

आता जरा कठोर बोलते. 'सराव' म्हणून कॉलेजच्या साइटवर, शेजारच्यांच्या वायफायवर, एमएसआरटीसी किंवा रेल्वेच्या साइटवर काहीही चालवायचं नाही. स्कॅनसुद्धा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ बघ. मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं, डेटा काढणं, चालू सेवा अडवणं, सगळं त्यात येतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारने 'संरक्षित' म्हणून जाहीर केलेल्या सिस्टीमला हात लावलास तर कलम ७०, तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. 'माझा हेतू चांगला होता' हे तू कोर्टात सांगशील, पण तोवर लॅपटॉप आणि मोबाइल पोलिसांकडे जमा आणि कॅम्पसच्या मुलाखती निघून गेलेल्या. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने कॉलेजच्या निकालाच्या पोर्टलमध्ये अगदी वर सांगितली तशीच आकडा बदलायची चूक शोधली. तिथेच थांबून कळवलं असतं तर एक वेळ निभावलं असतं, यानं स्क्रिप्ट लावून अख्ख्या वर्षाचे निकाल उतरवले आणि ग्रुपवर टाकले, 'बघा किती भंगार सिस्टीम आहे'. तक्रार झाली. वडिलांनी प्राचार्यांच्या केबिनबाहेर किती दिवस काढले ते मी पाहिलंय.

सहज वापरताना समोर काही दिसलंच तर तिथेच थांब. सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्याकडे त्रुटी कळवायची सोय आहे, तिथे लिही. एनमॅप, म्हणजे कुठल्या मशीनवर कुठली पोर्ट उघडी आहेत ते शोधणारं टूल, शिकायचंय तर एनमॅपवाल्यांनीच स्कॅन करून बघण्यासाठी स्कॅनमी नावाचा एक सर्व्हर ठेवलाय, त्यावर कर, तेही दिवसातून दोन-चारदा. आणि नातेवाईक-मित्र येतील, 'अरे तू हॅकिंग शिकतोस ना, तिचं इन्स्टा उघडून दे'. एकदाही नाही. कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० वर फोन लावून दे, पहिल्या तासा-दोन तासांत लावला तर पैसे वाटेत अडवायची शक्यता असते. ती खरी मदत.

आमच्याकडे परवानगी कागदावर असते. कुठले आयपी, कुठल्या तारखा, कुठली वेळ, काय करायचं नाही, रात्री काही पडलं तर कोणाला फोन. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ऑफिसात सगळं नेटवर्क स्कॅन करायचं होतं. कागदावर 'संध्याकाळी सातनंतर' लिहिलं होतं. मला शेवटची लोकल दिसत होती, त्यांच्या आयटीतल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला 'करा हो आत्ताच, काय होतंय'. सकाळी अकराला स्कॅनर लावला. पाच मिनिटांत मजल्यावरचे सगळे प्रिंटर जिवंत झाले आणि पानामागून पान कचरा छापायला लागले. प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर जे येईल ते छापायचं काम समजतात, माझा स्कॅनर त्यांना विचारत होता 'तू कोण?' आणि ते बिचारे प्रश्नच छापत होते. एनमॅप आवृत्ती तपासताना ते पोर्ट आपोआप वगळतो, मी वापरत होते ते टूल वगळत नव्हतं. दोन रिमं कागद गेला, आणि 'करा हो' म्हणणारा माणूस म्हणाला, मी असं काही बोललोच नव्हतो. कागदावर माझीच सही होती.

लिहिण्याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. क्लायंट पैसे देतो ते रिपोर्टचे. 'वेबसाइट असुरक्षित असून तातडीने सुधारणा करावी' हा रिपोर्ट नव्हे. 'लॉगिन केलेला कुठलाही सभासद स्टेटमेंटच्या विनंतीतला खाते क्रमांक बदलून दुसऱ्या सभासदाचं स्टेटमेंट उतरवू शकतो. दोन टेस्ट खात्यांवर खात्री केली, स्क्रीनशॉट जोडले आहेत. सर्व्हरवर प्रत्येक विनंतीला खातं त्याच सभासदाचं आहे का हे तपासावं' हा रिपोर्ट. डेव्हलपरला सोमवारी सकाळी काय करायचं ते त्यातून कळतं. बँडिटची प्रत्येक पायरी, प्रत्येक लॅब, अशी लिहून ठेव. वर्षअखेरीस ती वही घेऊन मुलाखतीला ये. माझ्यासाठी तरी ती कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा वजनदार.

सर्टिफिकेटचं विचारलं नाहीस, पण विचारशील. सीईएचची (सर्टिफाइड एथिकल हॅकर) मूळ परीक्षा पर्यायांची, १२५ प्रश्न, चार तास. हाताला काम येतं की नाही ते त्यातून फार कळत नाही, पण टेंडरमध्ये आणि एचआरच्या यादीत ते नाव असतं, त्यामुळे नोकरी लागल्यावर कंपनीच्या पैशाने कर. ओएससीपी या दुसऱ्या परीक्षेमध्ये पावणेचोवीस तास समोरच्या मशीन फोडायच्या आणि पुढच्या चोवीस तासांत रिपोर्ट लिहून द्यायचा. तो मान खरा आहे, खर्च लाखाच्या वर आहे, आत्ता तुझा विषय नाही. पदवीनंतर सहा-सात महिने पूर्ण वेळ देता येणार असेल तर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचा सिस्टीम आणि सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, प्रवेश परीक्षा देऊन मिळतो; तुझ्या पदवीवर बसता येतं का ते मात्र आधी बघ. कर्ज काढायचंच झालं तर मी त्यासाठी काढेन.

आणि नोकरी कसली लागते तेही ऐकून ठेव. मुंबईत या कामाला तोटा नाही, कारण पैशाचा कारभार इथे आहे. जून २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली, सेबीने ब्रोकर आणि फंडवाल्यांना घालून दिली, त्यामुळे तपासणी करून घेणं ही हौस राहिलेली नाही. पण पहिली नोकरी बहुतेक वेळा फोडाफोडीची नसते. ती सॉकमध्ये असते, म्हणजे हल्ल्यांवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात, ऐरोली किंवा महापेला, तीन पाळ्यांत, समोर अलर्टची रांग. त्यातले बहुतेक फुसके. कंटाळवाणं वाटेल. तरी कर, दीड-दोन वर्षं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटींच्या वर गेले, त्यातले बहुतेक एटीएममधून. एटीएममधून पैसे मागितले की 'द्या' किंवा 'नको' सांगणाऱ्या खऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा बसवली, ती प्रत्येकाला 'द्या' म्हणत होती, आणि २८ देशांतल्या एटीएमनी दिले. ज्याने रात्रपाळीत खऱ्या रहदारीचे लॉग हजारदा पाहिलेत, त्यालाच अशा वेळी काहीतरी वेगळं दिसतंय हे कळतं. त्याआधीच्या वर्षी, जून २०१७ मध्ये, नॉटपेट्या नावाच्या घातक प्रोग्रॅमने न्हावा-शेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं, कंटेनरची रांग लागली. ज्या भोकातून तो पसरत होता त्यातल्या एकाचं ठिगळ (पॅच) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. सॉकमध्ये बसून कुठल्या मशीनला ठिगळ लागलेलं नाही याच्या याद्या बनवशील तेव्हा हे आठव.

बग बाउंटी, म्हणजे चूक शोधून दिल्याबद्दल कंपन्या देतात ते बक्षीस, त्याबद्दल एकच ओळ: कर, नियम वाचून कर, पण घराचा हप्ता त्यावर बांधू नकोस.

राहिली रॅम. बँडिट, वायरशार्क आणि पोर्टस्विगरच्या लॅब ४ जीबीवर होतील, म्हणजे पहिले चार-पाच महिने खर्च शून्य. त्यानंतर व्हर्च्युअल बॉक्स या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये काली आणि मेटास्प्लॉइटेबल, दोन्ही एकत्र चालवायचंय. मेटास्प्लॉइटेबल मुद्दाम भोकं ठेवलेली मशीन आहे, ५१२ एमबीवर भागते, कालीला २ जीबी दे. मेटास्प्लॉइटेबलचं नेटवर्क होस्ट-ओन्लीच (फक्त तुझ्या लॅपटॉपपुरतं) ठेव, ब्रिज्ड (घरच्या नेटवर्कला जोडलेलं) केलंस तर अख्ख्या घराच्या वायफायवर उघडं दार टांगल्यासारखं होईल. यासाठी एकूण ८ जीबी पुरते. लॅपटॉप मागून उघडून बघ, रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे की खाचेत बसवलेली. खाचेत असेल तर जुनी रॅम काढून, कागदात गुंडाळून सोबत घे आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जा. डीडीआर ३ च्या खाचेत ४ बसत नाही, दाखवून घेतलीस की चुकणार नाही. पहिल्या दुकानात घेऊ नकोस, चार ठिकाणी भाव विचार, बिल आणि वॉरंटी लिहून घे, तिथेच बसवून लॅपटॉप चालू करून बघ. रविवारी जाऊ नकोस, निम्मी दुकानं बंद असतात.